उंबरठ्यावरचा डोळा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाईला आमच्या अक्काकडे चोरी झाली. चोरी म्हणजे काही दरोडा नव्हे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासलेल्या दोन पितळी समया आणि एक तांब्याचे घंगाळ तिने ओसरीवर उन्हात मांडून ठेवले होते. दुपारी तिचा जरा डोळा लागला. उठून पाहते तो ओसरी मोकळी. घंगाळाचे तिला काही वाटले नाही. पण समया तिच्या सासूबाईंच्या माहेरच्या होत्या, आणि त्या घरात त्यांच्यावाचून पाडव्याची सांज कधी झालेली नव्हती.

अक्का माझी थोरली बहीण. वय ब्याऐंशी. यजमान गेल्यापासून त्या दगडी घरात एकटीच राहते. मुलगा बंगळूरला, मी पुण्याला. चोरीची वार्ता फोनवरून बंगळूरला पोचली आणि तिथून संध्याकाळच्या आत निकाल लागला : “मामा, भांडी घासायला येते ना, तिचंच काम असणार. दुसरं कोण येतं ओसरीवर ? मी एक बिनतारी कॅमेरा पाठवतो. तुम्ही वाईला जाऊन तेवढा बसवून द्या. स्वयंपाकघरात नाहीतर माजघरात, तिच्यावर लक्ष राहील असा.”

आता मी आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकविला. खिळा ठोकायचा तरी अंगठा आधी चेचून घेणारा मनुष्य. पण भाच्याला नाही म्हणणे जड गेले. पार्सल घेऊन मी धनत्रयोदशीला वाईला उतरलो. पेरूएवढे पांढरे यंत्र, मधोमध काळा डोळा, पाठीला एक तार. होय, तार ! बिनतारी म्हणविणाऱ्या या प्राण्यालाही विजेसाठी एक तार लागतेच, हे मला त्या दिवशी कळले. चित्र तेवढे हवेतून जाते.

अक्काने ते हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, “यातलं चित्र दिसणार कुणाला ?”

“तुझ्या मुलाला. मलाही, पुण्यात.”

“आणि मला ?”

मी गप्प राहिलो. अक्काकडे बटणांचा जुना फोन. तिला काहीच दिसणार नव्हते. घर तिचे, उंबरठा तिचा, आणि डोळा मात्र परगावचा. “मग आधी नीट विचार करून सांग, हे बसवायचं कशाला,” असे म्हणून ती करंज्यांचे सारण भाजायला निघून गेली. यंत्र बसविण्याच्या पुस्तिकेत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या रात्री आणि नंतर पुण्याला परतल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे ते इतिहासात शोधू लागलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

राखणीचा आपला जुना बंदोबस्त पाहिला तर त्यात यंत्र कुठेच नाही, माणसेच आहेत. वेशीवर वेसकर, रात्री फिरणारा जागल्या, आणि आमच्या मावळपट्टीच्या बाजूला रामोशी. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर असलेल्या एल्फिन्स्टनने १८१९ साली आपल्या सरकारला जो प्रसिद्ध अहवाल पाठविला, त्यात ही पद्धत वर्णिली आहे. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यावर राखणदाराची नजर असे. चोरी झालीच तर चोराचा माग काढणे त्याचे काम. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला, की पुढची जबाबदारी त्या गावाची. तिथला राखणदार तो माग पुढे चालवी. माग जिथे मोडेल तिथल्या लोकांवर भरपाईचा बोजा येई. म्हणजे नुसते पाहून भागत नसे. जो पाहणार त्याने पदरचे भरून देण्याचीही तयारी ठेवायची. आजच्या कोणत्या कॅमेऱ्याच्या कंपनीने अशी हमी दिली आहे ?

अर्थात जुने ते सारे सोने असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होते त्यांनाच गाव चोर म्हणत होते. गडकोटांची राखण करणाऱ्या रामोशांचे हक्क १८१८ नंतर गेले, आणि त्यातून पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईकाचे बंड उभे राहिले. १८३२ साली त्याला पुण्यात फाशी दिले. राखणदार जागेवरून हटविला की त्याचे काय होते, याचा तो एक धडाच आहे. आणि शहरातले राखणदार ? पुण्याचा घाशीराम कोतवाल १७७७ साली कोतवालीवर बसला. रात्री फिरणाऱ्यांना धरणे हे त्याचे काम, आणि त्याच अधिकाराच्या जोरावर त्याने जे केले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. १७९१ साली त्याच्या कैदेत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. शहराचा डोळा शहरालाच नकोसा झाला.

कुलपांचा इतिहास मी इथे उरकून टाकतो. वीज वापरून दार उघडल्याबरोबर घंटा वाजविण्याचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप या गृहस्थाने १८५३ साली घेतले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागेत कुलपे बनवायला सुरुवात केली. अक्काच्या कोठीला अजून गोदरेजचेच कुलूप आहे. मात्र ओसरीला कुलूप नसते, ही खरी अडचण.

आता कॅमेऱ्याकडे येतो. माझी समजूत अशी होती, की घरावर पाळत ठेवणारा हा डोळा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने नाहीतर सैन्यातल्या माणसाने काढला असेल. समजूत अर्धी खरी निघाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाण उडताना जवळ उभे राहणे जिवावरचे होते. म्हणून वॉल्टर ब्रूख या अभियंत्याने दूर बसून टेलिव्हिजनवर ते पाहण्याची सोय केली. तारेतून चित्र नेऊन ठरावीक माणसांनीच पाहायचे, या पद्धतीचा तो आरंभ मानतात. मौज अशी, की हाच ब्रूख पुढे रंगीत टेलिव्हिजनच्या ‘पाल’ पद्धतीचा जनक झाला, आणि १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आपल्या घरांत रंग आले ते त्याच पद्धतीने.

पण घराच्या दारावरचा कॅमेरा ? तो एका बाईने काढला. तीही रुग्णालयात परिचारिकेचे काम करणारी.

मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन हे तिचे नाव. जन्म १९२२. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमेका नावाची वस्ती आहे, तिथे ती राहत असे. कृष्णवर्णीय कुटुंब, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा आडनिड्या. त्यामुळे कित्येकदा रात्री ती घरात एकटी असे. दार वाजले की छातीत धस्स होई. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलाविल्यावर पोलीस येतील तेव्हा येतील. अमेरिकेत आज पोरासोरांना पाठ असलेला ९११ हा आपत्तीचा क्रमांक तेव्हा नव्हताच. न्यूयॉर्कमध्ये तो १९६८ साली सुरू झाला. क्वीन्समध्येच, क्यू गार्डन्स या भागात, मार्च १९६४ मध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा रात्री रस्त्यात खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि कुणी हललेसुद्धा नाही, असे वर्तमानपत्राने छापले. ती संख्या व ते वर्णन फुगविलेले होते हे पुढे सिद्ध झाले. पण त्या काळी सारे शहर त्या बातमीने हादरले होते. अशा हवेत ही परिचारिका आपल्या दाराचा विचार करीत होती.

तिने नवऱ्याच्या मदतीने जी योजना आखली ती मुळातून पाहण्याजोगी आहे. दाराला एकाखाली एक अशी चार भोके. आतल्या बाजूला टेलिव्हिजनचा कॅमेरा, मोटरीने वर-खाली सरकणारा. म्हणजे उंच मनुष्य आला तर वरच्या भोकातून आणि पोर आले तर खालच्या भोकातून दिसावे. चित्र कुठे उमटायचे ? तिच्या निजायच्या खोलीत, बिछान्याशेजारच्या पडद्यावर. बाहेरच्याशी दार न उघडता बोलण्यासाठी ध्वनिवर्धक. ओळखीचा निघाला तर जागेवरूनच कडी सोडण्याची कळ. आणि अनोळखी, संशयास्पद निघाला तर धोक्याची घंटा देणारे दुसरे बटण. या योजनेत रेडिओलहरींचाही उपयोग केलेला होता, म्हणजे आजच्या बिनतारीपणाचे बीजही त्यात आहे. १ ऑगस्ट १९६६ रोजी पतिपत्नींनी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ३४,८२,०३७. अर्जावर पहिले नाव तिचे आहे, नवऱ्याचे दुसरे. ते वाचून मला बरे वाटले.

न्यूयॉर्क टाइम्सने त्याच आठवड्यात बातमी दिली. पुढे मात्र त्या काळी ते यंत्र घरोघर गेले नाही. टेलिव्हिजनचा कॅमेरा म्हणजे तेव्हा चैन. एका दारासाठी तो कोण घेणार? आमच्याकडे तर तुलनाच नको. तिने अर्ज केला तेव्हा मुंबईत टेलिव्हिजनही नव्हता. तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी आला. दारावरच्या राखणीत आमची मजल मुंबईच्या ब्लॉकमधल्या ‘मॅजिक आय’पलीकडे गेलेली नव्हती. मेरी ब्राऊन १९९९ साली वारली. तोवर तिची कल्पना इतरांच्या पेटंटांतून कितीतरी पुढे गेली होती.

हे पेटंट वाचताना मला अक्काचा प्रश्न आठवला. “आणि मला ?” ब्राऊनबाईंच्या यंत्रात चित्र दारापासून निघते आणि घरातल्या एकट्या बाईच्या उशाशी येऊन थांबते. बोलणार ती, कडी काढणार ती, घंटा वाजविणार तीच. आमच्या पेरूएवढ्या कॅमेऱ्यातले चित्र मात्र अक्काच्या ओसरीवरून निघून, कुठल्याशा दूरच्या गणकयंत्रात मुक्काम करून, बंगळूरला उतरते. मधल्या पन्नास-साठ वर्षांत काच लहान झाली, किंमत उतरली, सारे काही झाले. पण पडदा बाईच्या उशापासून हलला.

हे कसे घडले ? एका कॉफीच्या भांड्याने ! केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत सर्वांसाठी एकच कॉफीयंत्र होते. जिने उतरून जावे तर भांडे रिकामे, असे वारंवार होई. म्हणून १९९१ साली तिथल्या मंडळींनी भांड्यावर कॅमेरा लावला आणि आपापल्या टेबलावर बसून ‘कॉफी आहे का’ हे पाहू लागले. १९९३ साली ते चित्र इंटरनेटवर चढले आणि जगभरचे लोक ते भांडे पाहू लागले. २००१ साली कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते कॉफीयंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेले. विद्वानांच्या आळसातून जगाला काय काय मिळते पाहा. स्वीडनमधल्या ॲक्सिस कंपनीने १९९६ साली सरळ संगणकांच्या जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा विकायला काढला, आणि मग पाहणारा कोठे बसला आहे याला काही अर्थच उरला नाही.

बिनतारीची गोष्ट याहून जुनी, आणि तिचे एक टोक आपल्या घरात आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतलहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि दारूला बत्ती दिली. आपल्या कॅमेऱ्याची लहर सुमारे बारा सेंटिमीटर लांबीची. बोसांच्या लहरी तर काही मिलिमीटरपर्यंत उतरत. हेडी लामार या देखण्या नटीने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने १९४२ साली एक पेटंट घेतले. पाणतीराला बिनतारी संदेश देताना कंप्रता सारखी बदलत ठेवायची, म्हणजे शत्रूला तो अडविता येणार नाही. आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्या, ८८ कंप्रता घ्यायच्या. तिला हल्ली सरसकट ‘वायफायची आई’ म्हणतात. ते मला पटत नाही. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात कंप्रता बदलण्याची पद्धत होती हे खरे, पण ती अनेकांपैकी एक, आणि पुढची वायफाय दुसऱ्याच पद्धतींवर चालली. फार तर मावशी म्हणा. खरा उपकार झाला तो नियम सैल झाल्याने. अमेरिकेने १९८५ साली काही पट्टे विनापरवाना वापरू दिले, आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली मोकळा झाला. घरच्या रेडिओचे लायसन्स दर वर्षी पोस्टात जाऊन भरणारे माझे वडील मला आठवतात. आज भाच्याने हवेत लहरी सोडल्या आणि कुणाला विचारलेही नाही.

असो. यंत्र बसविण्याची हकिकत राहिलीच.

अक्काच्या घरचा राऊटर माजघरात. मधली भिंत काळ्या दगडाची, दोन हात रुंद. बोसांच्या लहरींनी कलकत्त्याची भिंत ओलांडली असेल, पण वाईच्या दगडापुढे आमच्या लहरींनी हात टेकले. ओसरीवर कॅमेरा लावला की चित्र गोठे; अक्का एक पाय उचललेल्या स्थितीत तिष्ठत राही. शेवटी राऊटर खिडकीच्या कोनाड्यात आणला तेव्हा मार्ग निघाला. मग फोनच्या पडद्यावरचा काळापांढरा चौकोन कॅमेऱ्याला ओवाळल्यासारखा दाखवायचा. तो दोन वेळा ओळखीना, तिसऱ्यांदा ओळखला. रात्री निराळाच तमाशा. अंधारात पाहण्यासाठी यंत्र आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते. त्यापुढे कोळ्याने एक धागा ओढला, की तो दोरखंडाएवढा पांढरा दिसतो आणि ‘हालचाल !’ म्हणून फोन ओरडतो. पहिल्या रात्री मला सतरा इशारे आले. तीन मांजरांचे, बाकी कोळी व पाकोळ्या.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली, आणि ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी ती आजच करावी. यंत्राबरोबर आलेला परवलीचा शब्द प्रथम बदलला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका आज्ञावलीने जगभरचे लक्षावधी कॅमेरे आणि राऊटर बगलेत मारले, ते केवळ मालकांनी कारखान्यातला परवलीचा शब्द तसाच ठेवला होता म्हणून. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतली कितीतरी बडी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. मिराई रचणारे कोण, तर तीन अमेरिकन तरुण पोरे. पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला. राखणदारच फितूर झाल्याचे आपल्या किल्ल्यांच्या इतिहासात पुष्कळ वाचले होते; लक्षावधी राखणदार एका दिवशी फितूर व्हावेत हे नवीन.

राहिला मुख्य तंटा : डोळा कोणीकडे वळवायचा. भाच्याचा आग्रह आतल्या बाजूचा. भांडी घासणाऱ्या बाई बावीस वर्षे त्या घरात येत आहेत. यजमानांच्या अखेरच्या दुखण्यात रात्री त्याच जागल्या, मी नव्हे. नरकचतुर्दशीच्या दिवशी त्या आल्या, भिंतीपाशी ठेवलेले यंत्र पाहिले, आणि काही न बोलता हातातली बांगडी मागे सारून भांड्यांना बसल्या. मी शेजारच्या खोलीत उभा होतो. त्यांच्या पाठीकडे मला पाहवले नाही.

मी भाच्याला फोनवर सांगितले, की २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमुखाने दिला आहे. तो म्हणाला, “मामा, तो सरकारविरुद्ध. इथे घरातल्या घरात काय ?” त्याच्या बोलण्यात तथ्य होते, कायद्याच्या बळावर मी हा वाद जिंकण्यासारखा नव्हतो. तो जिंकला अक्काने. फोन माझ्या हातून घेऊन ती म्हणाली, “समया गेल्या त्या गेल्या. पण त्या कुणी नेल्या हे मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. माझ्या घरात माणसाच्या पाठीवर डोळा बसायचा नाही. बाहेर बसवा, रस्त्याकडे तोंड करून. चोर रस्त्यावरून येतो.” मग मीच विचारले, तुला तरी ते दिसायला नको का ? तेव्हा भाच्याने एक छोटा पडदा पाठविण्याचे कबूल केले. तो आता तिच्या पलंगाशेजारच्या फडताळावर आहे. ब्राऊनबाईंच्या योजनेच्या जवळपास आम्ही अशा रीतीने आडवाटेने येऊन पोचलो.

समया सापडल्या नाहीत.

यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुण्यात चहा घेत होतो, तोच फोनने ‘हालचाल’ दिली. पडद्यावर वाईची ओसरी. एक सुरकुतलेला हात पुढे आला आणि काचेवर खणाचा तुकडा अडकवून गेला. अक्काचा हा नवा रिवाज : दिवसा ती स्वतः ओसरीवर असते, तेव्हा कॅमेरा झाकते; दिवेलागणीला उघडते. भाचा यावरून कुरकुरतो. चित्र काळे झाले, पण आवाज चालू होता. घंगाळ नव्हते, तरी तांब्यापितळेची खणखण ऐकू येत होती. बाई म्हणत होत्या, “अक्का, चिंच अजून जरा भिजू द्या.” अक्का काहीतरी हळू बोलली आणि दोघीही हसल्या. काय बोलली ते ऐकावे म्हणून मी फोन कानाशी नेला. मग आवाजाची कळ बंद केली आणि गार होत चाललेला चहा घेतला.